बिनटाक्याचा घागरा

रंगनाथने मशीनचा पट्टा काढून लेंग्याच्या खिशात घातला आणि वर म्हणाला, "या घरातला एक टाकासुद्धा त्या घरी जाणार नाही."

पट्टा म्हणजे पायमशीनच्या चाकावरची चामड्याची दोरी. ती काढली की पाय कितीही मारा, सुई जागची हलत नाही. हे नवसाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. छत्तीस वर्षं तिने शिंप्याचा संसार केला होता. सिडकोतल्या घराच्या बाहेरच्या खोलीत दुकान होतं आणि त्यावर पाटी होती 'रंगनाथ जेंट्स टेलर्स', पण त्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक पँटीची तुरपाई आणि प्रत्येक शर्टाचं काज तिच्या हातचं होतं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "रंगनाथभाऊ, हात आहे तुमचा!" आणि ती आतल्या खोलीत दाताने दोरा तोडत म्हणायची, हो, त्यांचाच. मशीनवर बसायची तिला परवानगी नव्हती. बाईचा पाय लागला की टीप बिघडते, असं रंगनाथचं शास्त्र. तो जेवून डुलकी काढायचा तेव्हा ती बसायची आणि टीप मुळीच बिघडायची नाही. हे त्यालाही माहीत होतं. उगाच नाही पट्टा खिशात गेला.

भांडण संजनावरून होतं. त्यांची एकुलती एक लेक. तिने मार्चमध्ये सुबोध साळवेशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला, बँकेत नोकरी, व्यसन नाही, आईला मान देणारा. पण ख्रिस्ती. रंगनाथने त्या दिवसापासून लेकीचं नाव टाकलं. सटाण्याच्या भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं तो म्हणायचा. वास्तविक ते भाऊबंद पाच वर्षांत एकदा तोंड बघायचे, तेही लग्नाच्या पंगतीत. पण माणसाला एकदा भीती बसली की ती कुणाची आहे हे तो विचारत नाही.

दिवाळी आली. लग्नानंतरचा पहिला सण, जावयाला बोलवायचं, लेकीची ओटी भरायची, हे सगळं जगाच्या रीतीने व्हायला हवं होतं. रंगनाथ नाही म्हणाला आणि नवसाबाई गप्प बसली. फराळाचे डबे शेजारी वाटले आणि लेकीच्या वाटचा डबा महिनाभर फडताळात तसाच पडून होता. शेवटी शंकरपाळ्यांना वास यायला लागला तेव्हा तिने तो रिकामा केला, आणि तेव्हाच मनाशी म्हणाली, आता बास.

म्हणून डिसेंबरात संजनाचा फोन आला तेव्हा तिने स्वतःहून विचारलं, "तुमच्याकडे नाताळ म्हणजे मोठा सण ना? मग मला सांग, माहेरहून काय आणू?"

संजना हसत म्हणाली, "आई, काही नको. तू ये फक्त. आणायचंच असेल तर झाडाला स्कर्ट आण."

"झाडाला?"

"ख्रिसमस ट्रीच्या बुडाशी गोल अंथरतात गं. झालरीचा असतो. खालचं स्टँड झाकलं जातं त्याने."

नवसाबाईला यात नवल वाटलं नाही. घागरा म्हणजे घागरा, घालणारी बाई असो की झाड. तिने तुरपाईवाल्या बाईला शोभेल असाच पुढचा प्रश्न विचारला. "कंबर किती?"

"झाडाची?"

"मग काय सुबोधची?"

संजना खो खो हसली. नऊ महिन्यांत लेक अशी हसलेली तिने ऐकली नव्हती. दांडा चार बोटं, या कडेपासून त्या कडेपर्यंत अडीच हात पुरे, असं माप ठरलं. आणि फोनच्या स्पीकरवरचं ते हसणं रंगनाथने बाहेरच्या खोलीत ऐकलं. म्हणून पट्टा.

"एक टाकासुद्धा जाणार नाही म्हणता ना?" नवसाबाई म्हणाली. "बरं. एकही टाका जाणार नाही."

हाताने शिवता आलं असतं तिला. पण आता तिचाही पीळ चढला होता. त्याच्या सुईने नाही, त्याच्या दोऱ्याने नाही, त्याच्या मशीनवर तर नाहीच. मोबाइलवर तिने बघितलं होतं, कुठल्याशा परदेशी बाया नुसत्या गोंदाने झालरी चिकटवतात. त्या बायांची भाषा कळली नाही, पण हात कळले. कापडावर काम करणारे हात कुठेही कळतात.

बुधवारच्या बाजारात, नदीच्या काठी, मालेगावचं लाल सुती कापड किलोवर मिळतं. ते घेतलं, थोडं पांढरं घेतलं. शाळेच्या सामानाच्या दुकानातून गोंदाची बंदूक घेतली, ती विजेवर तापते आणि तिच्या तोंडातून गरम गोंद गळतो. दुकानदाराने विचारलं, "नातवाचा प्रोजेक्ट का, मावशी?" "माझाच आहे," ती म्हणाली.

जुन्या जाड चादरीची तिने चौघडी घातली, कोपऱ्यावर दोरी धरून खडूने कमान मारली आणि भाजीच्या सुरीने ती आणि कोपऱ्याचं टोक कापलं, कारण कात्री रंगनाथची होती. उलगडली तर चादरीचा गोल झाला, मधे दांड्यापुरतं भोक. लाल कापडाच्या चार-चार बोटांच्या पट्ट्या तिने कापल्या नाहीत, फाडल्या. कडेला दाताने जरासा चिरा द्यायचा आणि ओढायचं, टर्रकन सरळ रेषेत फाटतं. रंगनाथ पेपर वाचत होता. प्रत्येक टर्रला त्याचा पेपर हलायचा. ती मग जरा जास्तच जोरात फाडायची.

खरी गंमत पुढे होती. दोरा नाही, तर चुण्या धरायच्या कशा? दोरा ओढला की चुण्या आपोआप पडतात, गोंदाला ओढता येत नाही. दोनदा पट्टी चिकटली ती सपाट, बोटाला चटका बसला तो वेगळाच. तिसऱ्यांदा तिने डोकं लावणं सोडलं आणि हात जे रोज सकाळी करतात ते करू दिलं. अंगठा आणि करंगळी ताणून, साडीच्या निऱ्या घालतात तशा तिने पट्टीच्या निऱ्या घातल्या, आणि एकेक निरी दाबत खाली थेंब सोडला. साडी तरी कुठे शिवलेली असते! बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून ती आत सरकत गेली, लाल ओळ, लाल ओळ, पांढरी ओळ. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचं डोकं झाकत होती. तीन दुपारी गेल्या.

"हे असलं आठ दिवससुद्धा टिकायचं नाही," रंगनाथ दारातून म्हणाला.

"टाका दिसतोय का कुठे?" तिने विचारलं. तो निघून गेला.

चोवीस तारखेला सकाळी घागरा पुरा झाला. तिने तो कॉटवर पसरला आणि बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम पुरतं तिचं होतं. मग तिच्या लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला. तिने गोल बंद करून टाकला होता. परकर बंदच असतो, बाई त्यात पाय घालते नाहीतर डोक्यावरून ओढून घेते. झाड कुठून घालणार? तिने घाईने फोन लावला. "झाड उभं केलंस का गं? जरा उचलता येईल?"

"कसलं उचलतेस! मांजर पाडतं म्हणून सासूबाईंनी भिंतीच्या खिळ्याला बांधून टाकलंय," संजना म्हणाली.

म्हणजे उभा चिरायला हवा. नऊ थर झालरी, त्यावर गोंद, भाजीच्या सुरीचं काम नव्हे. नवसाबाईने भिंतीवरची मोठी कात्री काढली. त्या कात्रीला छत्तीस वर्षांत रंगनाथशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

"ती ठेव," रंगनाथ उठून आला.

तिने कडेला कात्री लावली.

"नवसा, ठेव म्हणतो ना! गोंदाने धार जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली आणि कापत गेली. कडेपासून मधल्या भोकापर्यंत, न थांबता, एक रेषा. रंगनाथ बघत राहिला. तिरपी रेष त्याच्या डोळ्याला सहन झाली नसती, पण रेष तिरपी नव्हती.

मग खिशातून पट्टा काढून त्याने मशीनवर ठेवला. "कापलेल्या कडा सुटतील. आण इकडे, मी टीप मारून देतो. पण तू जायचं नाहीस. रिक्षावाल्याबरोबर पाठवून दे."

दुसरी कुणी बाई असती तर विरघळली असती. नवसाबाईलाही मोह झाला नाही असं नाही. नऊ महिन्यांनी हा माणूस लेकीसाठी हात पुढे करत होता, पण दुसऱ्या हाताने दार धरून ठेवत होता. तिचा राग असा उसळला की माहेरची अहिराणीच तोंडात आली. "मनी पोर शे ती! माझी पोर, रिक्षावाल्याची नाही."

कापलेल्या कडा तिने आत दुमडल्या, गोंदाने बसवल्या, वर पांढऱ्या पट्टीचे दोन बंद चिकटवले. घागरा घडी करून पिशवीत घातला, नवी साडी नेसली आणि निघाली. "संध्याकाळचा स्वयंपाक?" रंगनाथने विचारलं. ती पायऱ्या उतरत होती.

शरणपूरला साळव्यांच्या घरी दारावर कागदी चांदणी टांगली होती. विहीणबाई मार्थाबाईंनी हात धरून आत नेलं. नवसाबाई जमिनीवर बसली, झाडाच्या दांड्याभोवती घागरा फिरवला आणि मागे बंद बांधले. लाल-पांढऱ्या झालरी चारी बाजूंनी फुलून बसल्या. मार्थाबाई वाकून बघत म्हणाल्या, "शेवटी शिंप्याचं घर! व्याहीबुवांचा हात लपत नाही."

संजनाने झटकन वर बघितलं. "बाबांनी शिवला?"

तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली, ती नवसाबाईने बघितली. हो म्हणणं किती सोपं होतं. लेकीचा सण गोड झाला असता, विहिणीपुढे घराची अब्रू राहिली असती. आणि हो, त्यांचाच हात, हे शब्द तर छत्तीस वर्षांच्या सवयीचे होते.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी नाही म्हटलं. हा मी केलाय. सगळा मी."

संजनाचे डोळे भरले. मार्थाबाई चहाच्या निमित्ताने आत गेल्या.

"रडायचं असेल तर रड," नवसाबाई म्हणाली, "पण एक ऐकून ठेव. माहेर म्हणजे नुसता बाप नसतो. मी आहे तोवर तुला माहेर आहे, आणि मी कुणाला विचारून येणार नाही."

संजनाने पदराने डोळे पुसले, आईच्याच पदराने. "दिवाळीला पण येशील?"

"दिवाळीला तू यायचं," नवसाबाई म्हणाली. "नवऱ्याला घेऊन. दार मी उघडेन."