पाचव्या गुरुवारचं मौन

माझी देवावर श्रद्धा होती, पण त्याच्यावर काम सोपवून स्वस्थ बसण्याइतकी नव्हती. नमस्कार करतानाही मी त्याला सूचना देत असे. मी निवृत्त शिक्षिका. राहते गंगापूर रोडला आणि दुपारी अंबडच्या कामगार वस्तीत शाळा सुटलेल्या मुलींचा वर्ग घेते. वर्ग म्हणजे पत्र्याची एक खोली, एक फळा आणि अखंड बोलणारी मी. मुलींच्या घरी मी बोलायचे, कचेरीत मी बोलायचे, दवाखान्यात कुठे दुखतंय हेही मीच सांगायचे. आमचे हे म्हणत, "अगं, दुखणं तिचं आहे, निदान तेवढं तरी तिला सांगू दे."

त्या मुलींत शबाना होती. आईच्या आजारपणात आठवीतूनच तिची शाळा सुटली. वर्गातला बंद पडलेला पंखा तिने दुरुस्त केला, तेव्हा कळलं की तिला आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचंय. त्यासाठी दहावी हवी, आणि बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायला हवा. पोरगी हुशार, पण परक्या माणसापुढे तिच्या तोंडून शब्द निघत नसे. कोणी नाव विचारलं तरी ती माझ्याकडे बघायची, आणि मी सांगून टाकायचे.

तिचा शाळा सोडल्याचा दाखला घर बदलताना हरवला होता. दुसऱ्या प्रतीसाठी हेलपाटे घालून मी रडकुंडीला आले. शेवटी दत्तगुरूंपुढे संकल्प सोडला, की पाच गुरुवार कडक मौन पाळीन, पण पोरीचं वर्ष वाचव. कडक म्हणजे लिहूनही बोलायचं नाही. चार गुरुवार पार पडले. त्या चारही दिवशी आमचे हे फार प्रसन्न होते. दाखल्याची प्रत मिळाली ती बुधवारी संध्याकाळी, आणि कागद जमा करायची मुदत संपत होती दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकी पाचव्या गुरुवारी. कॅलेंडर बघून संकल्प सोडायचं मला सुचलंच नव्हतं.

मी लगेच शबानाला फोन केला. "उद्या तुलाच बोलायचंय."

"काकू, मला नाय जमणार," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मी सगळे कागद देवापुढे ठेवले, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि सकाळी घाईघाईने गोळा करून निघाले.

ज्या शाळेत कागद द्यायचे होते, तिथल्या खिडकीपुढे रांग होती. आमच्या मागे झेंडूची टोपली घेतलेली एक बाई मुलाच्या फॉर्मसाठी उभी होती. आमचा नंबर आल्यावर कारकुनाने कागद चाळले. "मूळ दाखला हरवल्याचं पत्र कुठंय? ते नसेल तर फॉर्म घेता येणार नाही."

ते पत्र मी लिहून ठेवलं होतं, पण ते देवघरातच राहिलं होतं. साध्या कागदावर परत लिहून दिलं तरी चालतं, हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? मी हात जोडले, घंटा वाजवल्यासारखं केलं, आरती ओवाळून दाखवली. कारकून म्हणाला, "आजी, देऊळ मागच्या गल्लीत आहे."

आता मात्र व्रत गेलं खड्ड्यात, असं ठरवून मी तोंड उघडलं. तेवढ्यात झेंडूवाली कडाडली, "ओ साहेब, मुकी हाय ती बाई! तिला काय इचारता? पोरीला इचारा की!"

सगळी रांग हळहळली. एकाने मला खुर्ची आणून दिली. आता बोलले असते, तर ढोंगी म्हणून आम्हा दोघींना बाहेर काढलं असतं. मी मुकाट्याने बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला काहीही न सुचवता म्हटलं, बाबा, आता तूच बघ.

शबाना माझ्याकडे बघत होती. मग तिने खिडकीकडे तोंड वळवलं. "सर, पत्र काकूंच्या देवघरात राहिलं. त्या आमचे सगळे पेपर देवापुढे ठेवतात. गणिताचे जरा जास्त वेळ." रांगेत हशा पिकला. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "मी इथंच लिहून देऊ का? दाखला माझा हरवलाय, तर मीच लिहिते."

कारकुनाने कोरा कागद पुढे सरकवला. माझं पत्र पानभर होतं, तिने चारच ओळी लिहिल्या. त्याने वाचून शिक्का मारला. फुलवालीने माझ्या हातात झेंडूचं फूल ठेवलं. "मावशी, लय गुणाची पोर हाय. तुमच्या वाटचं बोलती." मला रडूच आलं. इतके दिवस तिच्या वाटचं मीच बोलत आले होते.

घरी आले तर पत्र ताम्हनाखाली होतं, कुंकवाने माखलेलं. ते माझ्या धांदलीने राहिलं की कोणी ठेवून घेतलं, याचा खल मी करत नाही. मी फक्त डोकं टेकलं. मौन मात्र अजून दर गुरुवारी पाळते. मुली म्हणतात, "काकू, बुधवारी पण धरा ना."

निकाल लागला, तेव्हा शबाना पेढे घेऊन आली. किती गुण, कोणतं आयटीआय, वायरिंग कसं शिकवतात, सगळं एका दमात सांगत सुटली. मी नुसती ऐकत राहिले. मला खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडून शब्द फुटेना. त्या दिवशी सोमवार होता.