दुसऱ्याचं काय झालं?

लेकरांनो, ग्रुपवर रोज सकाळी फुलं टाकता, पण काल माझा वाढदिवस होता हे एकालाही आठवलं नाही. असू दे. मी बोलतेय, नात टाईप करतेय, मला अक्षर येत नाही.

आज आपल्या नाशिकच्या चर्चमध्ये पाळकांनी बायबलमधली पहिल्या ख्रिस्ती मंडळीची गोष्ट सांगितली. येशूला दगा देणाऱ्या यहूदाची बारा शिष्यांतली जागा रिकामी झाली, लायक माणसं दोन, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाची निघाली आणि तो प्रेषित झाला.

ऐंशी सालच्या सुमारास इथंही असंच झालेलं. बायबलचा अभ्यास करायला एका बाईला पुण्याला पाठवणार होते, तिथं लिहा-वाचायलाही शिकवणार होते. नावं दोन, माझं आणि धाकट्या जावेचं, शांताचं. चिठ्ठी तिची निघाली. ती गेली आणि तिची पोरं मी सांभाळली.

आज तीच शांता चष्मा लावून हा उतारा खडाखडा वाचत होती, लोक माना डोलवत होते. माझा नुसता जळफळाट!

मी विचारलं, "पाळकसाहेब, त्या दुसऱ्याचं पुढं काय झालं?"

"आजी, त्याच्याबद्दल पुढं काही लिहिलेलं नाही."

शांता म्हणाली, "आक्का, तो घरी मत्थियाची पोरं सांभाळत असेल!"

सगळे हसले. मीही हसले, काय करणार? पण खरं सांगा, त्या दुसऱ्याच्या जागी तुम्ही असता तर मत्थियाचं कौतुक तुम्हाला ऐकवलं असतं?

नाताळच्या करंज्या पाठवाल तेव्हा दोन डबे करा, एक तिचा, एक माझा. मोठा कुणाला यासाठी चिठ्ठी टाकू नका. मोठा माझा.