जानकीची कवदर

मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमची बैठी चाळ होती. नाटक कंपनी बंद पडली, माझा गळाही बसला, तेव्हा मी तिथे राहायला आलो. चाळीत मला सगळे भाऊ म्हणत. माझ्या भिंतीला भिंत लावून दशरथ आणि जानकी राहायची. दशरथ मालवणकडचा. गिरणीत होता, ब्याऐंशीच्या संपानंतर एका कारखान्यावर वॉचमन झाला. जानकी घाटावरची. ती लग्नाच्या वयाची असताना तिचं गाव कोयनेच्या धरणात बुडालं.

त्या गावाचं तिच्यापाशी काही उरलं असेल तर मागच्या अंगणातली एक केळ. गावावरच्या कड्यातून तिच्या भावाने मूठभर बी आणून दिलं होतं. त्यातलं एकच रुजलं. भाऊ पुढे वारला.

“केळीला बी असतं?” मी विचारलं होतं.

“एवढी नाटकं केलीत भाऊ, आणि केळ ओळखता येईना?” ती हसली. “ही कवदर. कातळावरची रानकेळ. डोंगरातलं हिव तुमच्या गोड केळींना सोसायचं न्हाई. ही पानं टाकून जमिनीत झोपते आणि पावसाला उठते.”

मग तिने मला ती नीट दाखवली. बुडाशी रांजणासारखी फुगलेली, वर निमुळती. पानांची पाठ पांढुरकी, मेकअप घाईत पुसल्यावर गालावर पावडर राहते तशी. अशी केळ फुलायला कितीतरी वर्षं लागतात. ती एकदाच फुलते आणि मरते. जानकीला ते फूल बघायचं होतं. लहानपणी कड्यावर पाहिलेलं, पुन्हा एकदा. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही, आमच्याकडेही आणि देवाकडेही.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत ती लेकीच्या, नलिनीच्या बाळंतपणाला कुर्ल्याला गेली. कवदर तेव्हा झोपली होती. वर वाळकं खोड, बाकी काही नाही. जानकीने जाताना नवऱ्याला काही सांगितलं नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि दशरथला ठाऊक होती ती कोकणातली केळ. ती बारा महिने हिरवी असते. वाळली म्हणजे कुजली, आणि जमिनीतला कुजका कांदा उपटला नाही तर शेजारचं झाड बिघडतं.

त्याने कांदा खणून काढला आणि कोपऱ्यावरच्या तबेल्यात म्हशींना घातला. गावाहून वेलची केळीचं पिल्लू मागवून त्याच खड्ड्यात लावलं, शेण घातलं, दगडांचं आळं केलं. बायको आली की खूश होईल म्हणून मला हाक मारून दाखवलंसुद्धा. बाजारातून माणूस नवी साडी आणतो ना, तसा त्याचा चेहरा होता.

जानकी परतली. हातातली पिशवी न ठेवताच मागे गेली.

“माझी कवदर कुठाय?”

“ती कुसली होती गो. बघ, वेलची लावलंय तुझ्यासाठी.”

“कुजली न्हवती. झोपली होती ती.”

ती ओरडली नाही, हेच वाईट झालं. नाटकात अशा जागी बाई हंबरडा फोडते आणि प्रेक्षक मोकळे होतात. जानकीने चूल पेटवली, चहा टाकला, मलाही दिला.

दशरथ मात्र त्या दिवसापासून खचला. पावसाळ्यात त्याने रजा काढली. लाँचने धरणाचं पाणी ओलांडलं, तिच्या गावावरचा डोंगर गुडघ्यांवर हात टेकत चढला, आणि ओल्या गोणपाटात एक केळ गुंडाळून आणली. अंगभर जळवा चावल्याचे डाग होते.

“बघ, तुझ्याच डोंगरावरची!” तो म्हणाला.

जानकीने बुडाची माती बोटाने बाजूला केली. ती पुन्हा सारखी केली. “व्हय,” ती म्हणाली, “तीच ही.”

तो आंघोळीला गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, “भाऊ, बुडाला कापल्याचा व्रण आहे. आईच्या कुशीतून तोडलेलं पिल्लू हे. कवदरीला पिल्लू नसतंच, ती एकटी बियातून येते. धरणामुळं उठून गेलेल्या कुणाच्या तरी परसातली साधी केळ असंल. बोलू नका त्यांना.”

मी बोललो नाही.

डोंगरावरून आणलेली ती केळ अंगणात झपाट्याने वाढली. पौष आला, डोंगरावरून गार वारं सुटलं, तरी पान पिवळं पडेना. दशरथ रोज सकाळी बादली घेऊन जायचा आणि तिच्यापुढे उभा राहायचा. एका सकाळी तो तसाच उभा होता. जानकी धुणं वाळत घालत होती. मी कठड्याशी होतो.

“ही झोपली नाय गो,” तो म्हणाला.

“न्हाई.”

“म्हणजे ही ती नाय.”

जानकी लुगड्याची घडी झटकत राहिली.

“तुला कधी कळलं?”

“आणलीत त्या दिवशी.”

“मग बोललंस कित्याक नाय? मी पुन्हा गेलो असतो.”

“तुमचे पाय बघितले होते मी.”

दशरथ खाली बसला. साठीकडे आलेला पुरुष, मळकी बनियन, हातात रिकामं टमरेल. हुंदका असा बाहेर आला की मीच तोंड फिरवलं. जानकीने ओलं लुगडं दोरीवर टाकलं, त्याच्याजवळ आली आणि भरलेली बादली त्याच्याकडे सरकवली.

“घाला पाणी तिला,” ती म्हणाली. “तिचा काय दोष?”