कमी ताकदीचं चुंबक

झरीच्या आमच्या शाळेत विज्ञान मंडळात आम्ही तिघंच. बडबडी सुमय्या, उचापत्या बालाजी आणि पाट्या रंगवणारी मी. प्रयोग एकच, सिरियम नावाच्या धातूचं चुंबक. पण त्या एका चुंबकाला प्रयोगांपेक्षा किस्सेच जास्त चिकटले!

•

आमच्या विज्ञानाच्या सरांची धाकटी बहीण, शोभाताई, प्रयोगशाळेत अशी चुंबकं बनवते. तिनं आम्हाला एक तुकडा पाठवला. सरांनी तो ऐटीत लोखंडी कपाटाला लावला. तुकडा सरळ त्यांच्या पायावर पडला!

"तेल लागलं असंल सर," म्हणून बालाजीनं तो राखेनं घासून लख्ख केला. तरी चिकटेना. शेवटी सरांनी ताईला फोन लावला.

ताई हसत सुटली. "अरे दादा, त्याच्यात अजून चुंबकत्व भरलंच नाही! तो नुसता दाखवायला पाठवला. खरं चुंबक मागून येतंय."

बालाजी हात बघत म्हणाला, "मग मी इतका वेळ काय घासायलो होतो?"

•

बालाजीचे वडील मेंढ्या पाळतात. आम्ही त्यांच्यासमोर भाषणाची तालीम केली. सुमय्यानं सांगितलं, "काका, विजेच्या गाड्या पळवणाऱ्या जोरदार चुंबकाला निओडिमियम लागतं. ते महाग. ते काढताना त्याच मातीतून सिरियम ढिगानं निघतं, अन् पडून राहतं. दोन्ही दुर्मीळ धातूच."

काकांनी तंबाखू मळायची थांबवली. "दुर्मीळ म्हणता, अन् ढिगानं निघतं म्हणता. आधी घरात बसून एक काय ते ठरवा बरं!"

•

खरं चुंबक आलं तेव्हा सांभाळायला बालाजीनं घरी नेलं. बघू तरी म्हणून ते मेंढ्याच्या गळ्यातल्या लोखंडी घंटीला आतून लावलं. घंटीतला लोलक जागच्या जागी चिकटला, घंटी मुकी झाली.

संध्याकाळी काकांना घंटी ऐकू येईना. "मेंढा गेला रे!" म्हणत ते ओढ्यापर्यंत हाका मारत गेले. शेजारीही निघाले. आणि मेंढा? तो पहिल्यापासून काकांच्या मागं मागं चालत होता!

•

तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "तुमचं चुंबक निओडिमियमपेक्षा जोरदार आहे का?"

"न्हाई सर, कमी हाय," सुमय्या म्हणाली.

"मग कशाला करायचं?"

सुमय्यानं मदतीसाठी मागं बघितलं. मी पाटीच्या मागं होते, तिथंच राहिले.

तरी जिल्ह्यासाठी आमची निवड झाली. कारण आमच्याशी स्पर्धा असलेल्या दुसऱ्या गटाचा ज्वालामुखीचा नमुना येतानाच जीपमध्ये फुटला होता!

परतताना सर मात्र हसले नाहीत. "पोरांनो, परभणीत हाच प्रश्न येणार. उत्तर नसलं तर ताईची मेहनत अन् आपली, दोन्ही तिथंच संपली."

•

परभणीत जिल्ह्याचं प्रदर्शन. परीक्षक उंच, गंभीर. चुंबकानं किलोचं वजन उचललं. त्यांनी नुसती मान हलवली आणि तोच प्रश्न टाकला. "कमी ताकदीचं चुंबक कशाला करायचं?"

सुमय्यानं बालाजीकडं बघितलं. बालाजीनं वर मंडपाकडं. सर दूर खांबाला टेकून उभे होते. परीक्षकांनी शेरा लिहायला पेन काढलं.

माझी नजर खालीच होती, त्यांच्या हातातल्या मोबाईलवर. पाकिटासारखं मिटणारं कव्हर होतं त्याला. मी बोलले तेव्हा आवाज माझाच आहे हे मलाही उशिरा कळलं.

"सर, तुमच्या मोबाईलचं कव्हर मिटायला गाडी पळवणारं चुंबक कशाला लागतं?"

परीक्षक थांबले. त्यांनी कव्हर उघडलं, मिटलं. टक्! परत उघडलं, परत मिटलं. टक्! मग ते पुढच्या टेबलाकडं गेले.

तिथला मुलगा गोबरगॅस समजावून सांगायला लागला. "सर, हे शेण..."

टक्.

"...या टाकीत..."

टक्.

त्याच्या पुढच्या टेबलावरूनही आवाज आला. टक्!

तेवढ्यात दुसऱ्या परीक्षक बाई लगबगीनं आमच्याकडं आल्या. पाटी न वाचताच त्यांनी हळूच विचारलं, "काय केलंत गं तुम्ही आमच्या सरांना?"