न दुखणारा हात

सकाळी खिडकी उघडली आणि लागोपाठ तीन शिंका आल्या. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, वाळवणाच्या त्या मोकळ्या मैदानांवर, यंदाची मिरची वाळत पडली आहे, हे नंदुरबारात कुणाला सांगावं लागत नाही. वारा फिरला की घराघरांतून शिंका ऐकू येतात. परगावचा पाहुणा या दिवसांत खोकून बेजार होतो, आम्हाला मात्र मिरचीचा हा झणझणीत खाट म्हणजे थंडी आल्याची वर्दी. लहानपणापासून मला तो आवडायचा. दोन वर्षं झाली, आता तो नाकात शिरला की मी उगाचच उजव्या हाताची बोटं पदराला पुसते.

दोन वर्षांमागच्या त्या हिवाळ्यात आमच्या घरी एक फेरेट राहायला आला होता. मुंगसासारखा लांबोडका, अंगानं पांढरट, डोळ्यांभोवती तपकिरी पट्टी. मुलानं पुण्यात हौसेनं पाळला, घरमालकानं हाकलला, आणि दुसरी खोली मिळेपर्यंत म्हणून तो पिंजऱ्यासकट आमच्या पडवीत येऊन पडला. जनावर गोड होतं, खोटं कशाला बोलू? पण चावरं होतं. वैर म्हणून नव्हे, खेळ म्हणून. सुईच्या टोकासारख्या दातांनी बोट पकडायचं आणि लोंबकळायचं. फोनवरून मुलगा धडे द्यायचा, "आई, हात झटकू नकोस. झटकलास की त्याला मजा वाटते. शांत राहा, ‘नाही’ म्हण, सोडलं की थोडा अंड्याचा बलक चाटव. तरी ऐकलं नाही तर दोन मिनिटं पिंजऱ्यात." सांगायला त्याचं काय जातं! दात लागले की माझा हात आधी उडायचा आणि ‘नाही’ मागाहून किंचाळीसारखं निघायचं.

माझ्या बोटांचं काही नव्हतं. जीव टांगणीला होता तो आबांपायी. माझे वडील, उभा जन्म रनाळ्याच्या शेतात गेलेला. पावसाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. पाय हळूहळू सावरला, हात मात्र तसाच राहिला. हलेना, आणि त्यात काही कळेना. वर साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हाताला जखम होऊ देऊ नका. झाली तर त्यांना समजणार नाही, आणि चिघळली तर आवरणार नाही. तेव्हापासून मी तो हात काचेच्या भांड्यासारखा जपत होते. उशीवर ठेवायचा, तेल लावायचं, बोटांच्या बेचक्या पुसायच्या. आणि नेमका तोच हात त्या फेरेटाला आवडला! पिंजरा उघडला की पळत आबांच्या खुर्चीवर, शालीखाली, थेट त्या तळव्याशी.

मी ओरडायचे. आबा हसायचे. "चावू दे वं माय. माले कोठे समजस?" मी हटून बसले की म्हणायचे, "मुकं जनावर मारीसन शिकत नही. आपू थांबो ना, मंग ते बी थांबस." बैल वळवण्यात हयात गेलेल्या माणसाशी काय वाद घालणार? शेवटी मी एक अट घातली. रक्ताचा थेंब दिसला, की त्याच दिवशी हे जनावर पुण्याला परत. आबांनी मान डोलावली. मग रोज संध्याकाळी चष्मा लावून, बॅटरी धरून मी तो हात तपासायचे. कधी लाल ठिपका, कधी दातांची पुसट ओळ. रक्त कधी नव्हतं, पण झोप माझी उडाली ती उडालीच. काळजी माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे.

शेजारच्या बाई पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जातात. त्या म्हणाल्या, "बोटेसले मिरचीनं पानी लाव ना बाई! एकदाव चाखी, परत तोंड लावाव नही." नंदुरबारच्या माणसाला मिरचीहून मोठं औषध सुचत नाही, तसं मलाही पटलं. माझ्या बोटांना नाही लावलं. आबांच्या हाताला लावलं. लाल ठिपक्यांवरून, बेचक्यांतून, नीट चोळून. त्या हाताला कुठे काही कळतंय, असं मनाशी म्हणत. फेरेटानं एकदाच जीभ लावली, शिंकून शिंकून कपाटाखाली जाऊन बसला. आबा खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "धुई टाक माय ते. जनावरले तरास व्हस." मी धुतलं, पण तासाभरानं.

दिवस गेले तसा तो जीव खरंच शहाणा झाला. आबांचा हात कधी झटकला जात नसे, त्यामुळे चावण्यात गंमत उरली नसावी. दात टेकवायचा, वाट बघायचा, आणि चाटू लागायचा. संक्रांतीनंतरच्या एका दुपारी आबा अंगणात उन्हाला बसले होते. डोळे मिटलेले, डावा हात शालीखाली, फेरेटही शालीखाली. मी तूर पाखडत होते. एकाएकी, डोळे न उघडताच, आबा पुटपुटले, "हयू रे, हयू." हळू, असं ते शालीखालच्या दातांना सांगत होते.

माझ्या हातातलं सूप थांबलं. "आबा, तुमले समजनं?"

त्यांनी डोळे उघडले. चोरी सापडल्यागत हसले. "समजस ना. महिनाभरनावर व्हयना." मग शाल सारखी करत, "तुले सांगतू ते तू त्याले धाडी देती. तुम्ही समदा हाऊ हात पुसतस. हाऊ मुका जीव एकलाच त्यानासंगे खेयस."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, नाही असं नाही. डॉक्टरांना फोन केला, मुलाला केला, रडले. पण मनात दिवस मोजले जात होतेच. मिरचीचं पाणी लावलं त्याला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. रोज मी तो हात उजेडात धरून पाहिला, एवढासा डाग माझ्या नजरेतून सुटला नाही. दुखतंय का, हे मात्र एकदाही विचारलं नाही. कळत नाही म्हणून ठरलेल्या हाताला काय विचारायचं?

उन्हाळा सोसणार नाही म्हणून होळीच्या आधीच मुलगा फेरेटाला घेऊन गेला. आबा आता त्या हातानं पेला धरतात, शालीचं टोक ओढून घेतात. आणि मी विचारते. सकाळी विचारते, तेल लावताना विचारते, आबा, दुखतंय का? ते दर वेळी म्हणतात, "नही वं माय." मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहते. खरं सांगतात की मला सांभाळून घेतात, ते अजून मला ओळखता येत नाही.