मोहोळच्या मांडवापुढं घेतलेलं नाव

सोलापुरात सात रस्त्याजवळ बसलिंगप्पाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची पाण्याची मोटार जळली की मोहोळपासून अक्कलकोटपर्यंतचे शेतकरी ती बैलगाडीत नाहीतर एसटीच्या टपावर टाकून त्याच्याकडं आणत. जळकी तार उकलायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि मोटार पुन्हा फिरती करून द्यायची, या कामात त्याच्या तोडीचा माणूस शहरात नव्हता. दुर्दैवानं हे त्याला ठाऊक होतं. मग घरातला पंखा असो, शेजारणीचं शिलाई मशीन असो की देवळातला भोंगा, बसलिंगप्पा पाना घेऊन हजर. "माणसाच्याच हातानं केलंय की. माझा हात काय लाकडाचा हाय?" असं म्हणायचा आणि खरोखरच दहापैकी आठ वेळा वस्तू चालू करून द्यायचा. उरलेल्या दोन वेळांबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

त्याच्याकडं एक जुनी फियाट होती. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी गाव सोडताना त्याला दिलेली, सायीच्या रंगाची, साधी, गुणी गाडी. अठ्ठ्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतर तो तांब्याची तार आणायला मुंबईला गेला आणि तिथं रस्त्यात त्यानं एक फियाट पाहिली. शर्यतीत पळवायची असावी. पुढं जमिनीला टेकेल अशी हनुवटी, दोन्ही अंगांना दाराखाली लांबलचक पट्ट्या, मागं डिकीवर पंख. फियाटच होती, पण बघताना वाटत होतं की गाडी उभ्या उभ्याच पळतेय. बसलिंगप्पा तिच्याभोवती तीन वेळा फिरला. ते सगळं फायबरचं असतं आणि सुटं विकत मिळतं, हे मालकाकडून कळल्यावर तो तारेच्या आधी तेच घेऊन आला. ट्रकवर घातलेली चार मोठी पुडकी सोलापुरात उतरली तेव्हा दाक्षायणीला, त्याच्या बायकोला, वाटलं की नवं कपाट आलं.

"हे काय री?" तिनं विचारलं. ती अक्कलकोटकडची, नवऱ्याला तिकडच्या पद्धतीनं 'री' म्हणायची.

"गाडीचा साज. ईरप्पाच्या वरातीला हीच गाडी. बघच तू."

ईरप्पा म्हणजे दाक्षायणीच्या भावाचा मुलगा. माघात त्याचं लग्न होतं, मुलगी मोहोळची. तीन आठवडे हातात होते.

दुकानाजवळच्या पेट्रोल पंपामागच्या कडुलिंबाखाली नागनाथ गाड्यांच्या पत्र्याचं काम करायचा. राहायला मिलिंदनगरात. चेंगरलेलं मडगार्ड हातोडीनं असं सरळ करायचा की बोट फिरवून पाहिलं तरी कुठं मार बसला होता ते कळू नये. बसलिंगप्पाच्या फियाटचे आधीचे दोन पोचे त्यानंच काढले होते. एक दिवस तो दुकानावरून जाताना मागच्या अंगणात डोकावला. बसलिंगप्पा गाडीखाली आडवा झाला होता आणि ती हनुवटी पत्र्याच्या बारीक स्क्रूंनी पिळून बसवत होता.

"अण्णा, नुसत्या स्क्रूवर न्हाय ऱ्हायची ती," नागनाथ म्हणाला. "आतनं लोखंडी पट्टी द्या, नटबोल्ट टाका, खाली वायसर घाला. आनि रंगाआधी हे सोड्याच्या पाण्यानं धुवून घासा. साच्यातनं निघावं म्हणून मेण लावत्यात त्याला. मेणावर रंग धरत न्हाय."

सांगणं सरळ होतं. शिकवण्याचा आवही नव्हता त्यात. पण बसलिंगप्पा गाडीखालून बाहेर आला तो तोंड वाकडं करूनच. दुकानातली दोन गिऱ्हाइकं ऐकत होती, हे त्यानं पाहिलं होतं.

"पत्रा ठोकायचं असंल तवा तुला बोलवीन," तो म्हणाला. "हे मुंबईचं काम हाय."

"बरं," म्हणून नागनाथ गेला.

रंग लावायला कॉम्प्रेसर नव्हता. बसलिंगप्पानं डास मारायचा फ्लिटचा पंप धुऊन घेतला, त्यात थिनर घालून पातळ केलेला लालभडक रंग भरला आणि सकाळच्या वाऱ्यात अंगणातच फवारणी सुरू केली. शेजारच्या यंत्रमागांचा कापूस उडत होता. ओल्या रंगावर तो असा बसला की गाडीला लव फुटल्यासारखी दिसायला लागली. काही ठिकाणी ओघळ आले. ते त्यानं पॉलिश पेपरनं घासले, पुन्हा फवारले, पुन्हा ओघळ आले. चौथ्या हाताला गाडी लांबून चांगली दिसू लागली. जवळून बघू नये, एवढंच.

"लाल लई झालं का?" त्यानं विचारलं.

"लग्नाची हाय, चालंल," दाक्षायणी म्हणाली.

लग्नाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. नवरदेव मागं, त्याच्याजवळ दाक्षायणी, चाकावर स्वतः बसलिंगप्पा, फेटा बांधून. सोलापूर सोडेपर्यंत पोरंटोरं, सायकलवाले, हॉटेलातले लोक वळून वळून बघत होते. त्या दीड-दोन मैलांत तो जितका सुखी होता तितका आधी कधी झाला नव्हता, असं तो पुढं एकदा म्हणाला होता. पुढं रस्त्यावर खडी टाकलेली. प्रत्येक खड्ड्याला खालून 'खर्र' असा आवाज यायचा. दाक्षायणी एकदा म्हणाली, "काय तरी घासतंय बघा." त्यानं गाणं म्हणायला सुरुवात केली.

मोहोळात शिरता शिरता उन्हानं रंगाला पापडासारखे फुगे आले. मांडवाच्या दिशेनं वळताना हनुवटीचे एका बाजूचे स्क्रू सुटले आणि ती जमिनीवर घासत, खडखडत चालली. वाजंत्रीसुद्धा क्षणभर थांबली. बसलिंगप्पाला गाडी तिथंच उभी करता आली असती. पण मांडव पन्नास पावलांवर होता, लोक उभे होते, आणि त्याला वाटलं, तेवढं निभेल. नवरीचे वडील संगप्पा हातात हार घेऊन स्वागताला पुढं आले. तेवढ्यात दाराखालची डावी पट्टी पुढच्या टोकानं सुटली, कोयत्यासारखी बाहेर आली आणि संगप्पांच्या नडगीवरून गेली.

धोतर लाल झालं. बायका ओरडल्या. कुणी हळद आणली, कुणी डॉक्टरला बोलवायला पळालं. पुढं त्यांना चार टाके पडले आणि आपल्याच मुलीच्या लग्नात ते खुर्चीवर पाय लांब करून बसले. बसलिंगप्पा गाडीतून उतरला तेव्हा त्याच्याभोवती पन्नास-साठ माणसं होती. त्यांत हिंदुराव होता. मोहोळचा मोठा ऊसवाला, दोन जिपांचा धनी, बसलिंगप्पाचं जुनं गिऱ्हाईक.

"कुणी बसवलं ओ हे?" हिंदुरावानं विचारलं.

आणि बसलिंगप्पा म्हणाला, "नागनाथनं. सात रस्त्याच्या."

विचार केला असता तर तसं बोललो नसतो, असं तो स्वतःला नंतर खूप दिवस सांगत होता. पण ते खरं नव्हतं. मुंबईवाल्यानं फसवलं, असंही म्हणता आलं असतं. मुंबई लांब होती, कुणाचं काही बिघडलं नसतं. नागनाथचं नाव जिभेवर आलं ते या नावावर कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही म्हणून. तसंच झालं. "मग काय व्हणार दुसरं," कुणीतरी म्हणालं, कुणी हसलं, एकानं नागनाथच्या जातीचा उल्लेख केला, आणि बघता बघता सगळा राग त्या हजर नसलेल्या माणसाकडं वळला. बसलिंगप्पाच्या खांद्यावर तर दोघांनी हात ठेवला. दाक्षायणी गाडीच्या दाराला धरून उभी होती. तीन आठवडे अंगणात नवऱ्याला पाना आणि पाणी देणारी तीच होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून बायकांत निघून गेली.

घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी, भाकरी थापता थापता, तव्याकडं बघत म्हणाली, "माझ्या माहेरच्या लग्नात, मांडवापुढं खोटं बोललात तुमी. संगप्पामामांचा पाय बरा व्हईल."

एवढंच. बसलिंगप्पा जेवणावरून उठला नाही. उठला असता तर भांडण तरी झालं असतं.

महिन्याभरानं हिंदुराव जळकी मोटार घेऊन दुकानात आला. चहा पिता पिता म्हणाला, "बसलिंगप्पा, तुमच्यामुळं लई बरं झालं बघा. माझ्या दोनी जिपा त्या नागनाथकडंच जायच्या. काढून घेतल्या. आमच्याकडच्या पाच-सहा जणांनाबी सांगितलं, म्हटलं, एखांद्याचा जीव घेईल."

बसलिंगप्पाच्या हातात तारेचं वेटोळं होतं. आत्ता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. हिंदुराव बशीत चहा ओतत होता. बसलिंगप्पानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "परवा या, मोटार तयार ठेवतो." पहिलं खोटं घाबरून निघालं होतं, पण या गप्प बसण्याला कसलीच सबब नव्हती. त्या दिवशी त्यानं गुंडाळलेली मोटार चुकली, दोनदा उकलावी लागली.

संध्याकाळी तो पेट्रोल पंपामागं गेला. कडुलिंबाखाली कुणी नव्हतं. पंपावरच्या माणसानं सांगितलं, "नागनाथ व्हय? टेंभुर्णीला गेला. तितं ट्रकची बॉडी बांधायच्या कारखान्यात रोजंदारीवर हाय. हितं कामच उरलं न्हाय म्हणं."

रविवारी नागनाथ घरी येतो असं कळल्यावर बसलिंगप्पा मिलिंदनगरात गेला. आजवर तो तिथं कधी गेला नव्हता. काम असलं की नागनाथच यायचा. दारात त्याची बायको भीमाबाई तांदूळ निवडत होती. तिनं ओळखलं, पण 'या' म्हणाली नाही. आत बघून म्हणाली, "आलेत." बाहेर नागनाथ आला, खांद्यावर टॉवेल. त्यानं लाकडी बाकडं पुसून दिलं. बसलिंगप्पा बसला नाही.

"नागनाथ, मोहोळात मी..."

"म्हायती हाय. लग्नाच्या दुसऱ्याच दिशी कळलं."

"मग मला येऊन का बोलला न्हाईस?"

नागनाथनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "काय बोलू? तुमचं दुकान, तुमची गाडी, तुमचे पाव्हणे. मी म्हणणार, मी हात लावला न्हाय. लोक म्हणणार, हा तर म्हणणारच. कोण ऐकणार हुतं, अण्णा?"

सुपातल्या तांदळांचा आवाज थांबला होता. बसलिंगप्पाला खाली बघवेना, वर बघवेना. "चुकलं माझं," तो म्हणाला. "लई चुकलं. माफ कर."

"हितं माझ्या दारात माफी मागून मी काय करू?" नागनाथ म्हणाला. आवाज चढला नाही. "हितं सगळ्यांना खरं ठाऊक हाय. जितं बोललात तितं बोला."

भीमाबाईनं तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. ते बसलिंगप्पाला ऐकू आलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.

मोहोळला जायला त्याला आणखी अकरा दिवस लागले. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज एखादी मोटार तातडीची निघायची. शेवटी दाक्षायणीनंच चांगलं धोतर काढून ठेवलं. "मीबी येते," ती म्हणाली. दोघं एसटीनं गेली.

संगप्पांच्या ओसरीवर बाजाराला आलेली माणसं बसली होती. हिंदुरावालाही बोलावून घेतलं. संगप्पांनी पाय दाखवला, जखम भरली होती. चहा आला. तो प्यायच्या आत बसलिंगप्पा उभा राहिला आणि म्हणाला, "त्या गाडीला नागनाथनं हात लावला नव्हता. सगळं मी केलं. त्यानं मला सांगितलं हुतं, असं बसवू नका म्हणून. मी ऐकलं न्हाय, आनि वर त्याचंच नाव घेतलं."

मग संगप्पा म्हणाले, "अवो, झालं गेलं. नव्या सोयऱ्यानं एवढं मनाला लावून घ्यायचं न्हाय." दुसरा एक जण म्हणाला, "त्याचं काय एवढं? असल्या माणसाचं नाव घेतलं म्हणून काय आभाळ कोसळलं?" तिथं बसलिंगप्पाला पहिल्यांदा कळलं की हे लोक त्याला इतक्या सहज माफ करतायत, कारण त्यांच्या हिशेबी काही घडलंच नव्हतं. आणि लग्नाच्या दिवशी तोही त्यांच्यातलाच एक होता.

"कोसळलं की," दाक्षायणी आतल्या दारातून म्हणाली. बायकांत उभी राहून ती पुरुषांच्या बैठकीत बोलली, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. "त्याचं काम गेलं. घर सोडून परगावी ऱ्हातोय."

हिंदुराव मात्र तापला. "मला दुकानात सांगायला काय झालं हुतं तुमाला? मी पाच-सहा गाड्या तोडल्या त्याच्या! माझ्या तोंडानं!" तो पागोटं उचलून निघून गेला. त्यानं बसलिंगप्पाकडं पुन्हा कधी मोटार पाठवली नाही. नागनाथकडं मात्र त्यानं टेंभुर्णीला स्वतः जाऊन निरोप दिला आणि उन्हाळ्यात दोन्ही जिपा कडुलिंबाखाली परत आल्या. बाकीच्यांतले दोघं आले. उरलेले आले नाहीत. त्यांना दुसरीकडची सवय झाली होती.

बसलिंगप्पानं फियाटचे फायबरचे तुकडे काढून भंगारात घातले. गाडी नागनाथकडं न्यावी, भोकं बुजवून घ्यावीत, असं त्याला फार वाटलं. त्या निमित्तानं पूर्वीसारखं बोलणं सुरू होईल, ही आशा. एकदा त्यानं विचारलंही. नागनाथ जिपेच्या दारावर हातोडी चालवत होता.

"करतो की," तो म्हणाला. "पण आदी ह्या दोन गाड्या हायत. मग त्या टँकरचं. तुमचा नंबर पावसाळ्यानंतर."

"थांबतो," बसलिंगप्पा म्हणाला.

"थांबा," नागनाथ म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.