वाऱ्यापुरती सवलत

बिश्केकच्या त्या ऑफिसात बुरुलला सगळे एजे म्हणत, म्हणजे ताई, आणि टरकूनही असत. घाटरस्त्यांवर हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्या यंत्रांचा प्रोग्राम तिथे लिहिला जाई. त्याचे एकेचाळीस भाग कम्पायलरमधून, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममधून, काढून एकत्र जुळवायचं काम एजेचं. कम्पायलरला द्यायच्या सूचना तिने एकाच फाइलीत मांडल्या होत्या. नियम एक, सगळ्यांना सारखा. सवलत मागायला आलेला माणूस चहा पिऊन रिकाम्या हाताने परत जाई.

त्या मार्चमध्ये नवा कम्पायलर आला आणि वाऱ्याचा वेग उणे चौदा दिसू लागला.

"एजे, वारा रुसून माघारी निघाला वाटतं!" शेजारच्या टेबलावरचा नूरसेयित म्हणाला.

शोधता शोधता कळलं, की 'कोड होईल तितका वेगवान कर' ही सूचना वाऱ्याच्या भागाला सोसत नव्हती. तो भाग तुरात बायकेंनी, म्हणजे तुरातदादांनी, वीस वर्षांपूर्वी लिहिलेला. ते आता निवृत्त.

"सगळ्यांचाच वेग उतरवा. एक ओळ बदला आणि समसे खायला चला," नूरसेयितने सुचवलं.

"एकाचं पोट बिघडलं म्हणून घरादाराला पेज?" एजे कडाडली. कॅमेऱ्याचा भाग तर रेंगाळलाच असता.

मग जन्मात पहिल्यांदा तिने सवलत लिहिली: फक्त वाऱ्याच्या भागाला बेताचा वेग. सगळं पुन्हा बांधलं. वारा उणे चौदाच!

दुपारभर ती जागची उठली नाही. शेवटी ध्यानात आलं: आधी तिची सवलत जात होती, मागून सर्वांचा नियम, आणि कम्पायलर शेवटी सांगितलेलंच ऐकतो. तिने क्रम फिरवला. वारा अकरावर आला.

"शेवटचा शब्द तुमचाच हो. घरी भावोजींना विचारा!" नूरसेयित म्हणाला.

तिने तुरात बायकेंना फोन केला. "बायके, तुमच्यासाठी नियम मोडलाय मी."

"माझ्या कोडला सवलत?" म्हातारा दुसऱ्याच दिवशी टोपी सावरत हजर. दोन दिवसांनी चूक सापडली: एका आकड्याला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती.

"वीस वर्षं नशिबावर चाललं गं," बायके ओशाळून म्हणाले.

एजेने सवलतीची ओळ पुसली. सोमवारी नूरसेयित सवयीने, नकाराच्या तयारीनेच, नकाशाच्या भागासाठी सवलत मागायला आला.

"कारण लिहून आण," एजे म्हणाली, "आणि कधी काढणार ती तारीखही."

त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.